मेट्रिक स्पेस काढून एआय घालायचं? : ‘त्रस्त पालक’ यांना उत्तर

बी.एस्सी.ला गणित घेण्याबद्दल मी लिहिलेल्या लेखाखाली नाशिकच्या सिडकोतल्या एका गृहस्थांनी ‘त्रस्त पालक’ या नावाने लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. सारांश असा: त्यांचा मुलगा एस.वाय.ला (दुसऱ्या वर्षाला) आहे, गणित मेजर म्हणजे मुख्य विषय. गाईड पाठ करतो, पास होतो, आणि ‘याचा उपयोग काय रे?’ विचारलं की खांदे उडवतो. ग्रुप थिअरी, मेट्रिक स्पेस असले ‘डोक्यावरून जाणारे’ पेपर काढून त्या जागी डेटा सायन्स आणि एआय घालावं. आपल्या देवळालीच्या गणिती कापरेकर सरांना यातलं काही लागलं नव्हतं. आणि माझ्यासारख्या तासिका तत्त्वावरच्या बाईंनी मुलांना गणिताचा नाद लावणं ही निव्वळ दुकानदारी आहे.

दुकानदारीचं आधी मिटवते. तासिका तत्त्वावर तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने रखडून. वर्गात दहा पोरं बसली काय आणि साठ बसली काय, माझ्या पदरात दमडी जास्त पडत नाही. हे दुकान असेल तर भलतंच तोट्यातलं आहे.

आता कापरेकर सर. त्यांचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, पदव्युत्तर शिक्षण नव्हतं, त्या काळातल्या अनेक मोठ्या गणितींनी त्यांना फारसं मोजलंही नाही, हे सगळं खरं. पण ते फर्ग्युसन कॉलेजचे 1929 सालचे पदवीधर होते आणि विद्यार्थी असतानाच, 1927 मध्ये, त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं होतं. पदवीचं गणित त्यांनी टाळलं नव्हतं.

त्यांचा 6174 तुम्हाला माहीत असेलच. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. आपल्या पिनकोडातले 4220 घेऊ. 4220 वजा 0224 म्हणजे 3996. मग 9963 वजा 3699, आले 6264. मग 6642 वजा 2466, आले 4176. मग 7641 वजा 1467 आणि आले 6174. पुढे कितीही वेळा करा, 6174 च. कुठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच येता.

वर्गात हे दाखवलं की पोरं खूश होतात, मोबाइल काढून आपापला आकडा तपासतात. मग मी विचारते, ‘सगळ्या संख्यांसाठी खरं आहे हे कशावरून?’ एक जण हमखास म्हणतो, ‘मॅडम, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून लूप लावतो, 0001 सारख्याही धरून 9990 संख्या, एका सेकंदात तपासून होतील.’ होतात की. पण मग मी फळ्यावर एवढंच लिहिते: मोठ्यापासून लहानापर्यंत अंक a, b, c, d. वजाबाकी काय येते? 999 गुणिले (a वजा d), अधिक 90 गुणिले (b वजा c). बास. म्हणजे चार अंक कोणते याच्याशी देणंघेणं नाही, फक्त दोन फरक महत्त्वाचे. पहिला फरक 1 ते 9, दुसरा 0 पासून पहिल्याइतकाच. मोजा: 2 अधिक 3 अधिक 4 असं करत 10 पर्यंत. 54.

त्या 9990 संख्यांची 54 घराणी झाली, आणि एका घराण्यातल्या सगळ्यांचं पहिलं उत्तर एकच. आता कॉम्प्युटर बाजूला ठेवा, एका तासात वहीत होतं.

हे जे झालं, ‘कामाचा फरक तेवढा धरायचा आणि बाकीचं एकत्र बांधायचं’, त्याला एफ.वाय.च्या अल्जिब्रात इक्विव्हॅलन्स रिलेशन म्हणतात आणि पुढे ग्रुप थिअरीत कोशंट ग्रुप. तुमच्या मुलाने पहिल्या वर्षी ते शिकलेलं आहे. परीक्षेत त्याला विचारलं असेल: व्याख्या लिहा, आणि दोन संख्यांच्या फरकाला 5 ने भाग जातो हे नातं इक्विव्हॅलन्स रिलेशन आहे असं सिद्ध करा. गाईडमध्ये हे उत्तर तयार असतं. त्याने ते उतरवलं, मार्क मिळाले, विषय संपला. ही 54 घराणी त्याला कुणी दाखवलीच नाहीत, तर त्याने खांदे नाही उडवायचे तर काय करायचं?

तेव्हा तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर पाहिलंत. गाईडवर पास होता येतं, सर्रास होता येतं. पण दुखणं प्रश्नपत्रिकेचं आहे आणि तुम्ही अभ्यासक्रम कापायला निघालात.

मेट्रिक स्पेसचंच घ्या, टी.वाय.ला (तिसऱ्या वर्षाला) येणारा आणि सगळ्यात बदनाम पेपर. अंतर म्हणजे काय, एवढाच त्याचा विषय. दोन बिंदूंमधलं अंतर ऋण नसावं, शून्य असेल तर बिंदू एकच असावा, इकडून तिकडे जितकं तितकंच तिकडून इकडे असावं, आणि मध्ये तिसरीकडे जाऊन गेलं तर अंतर कमी होऊ नये. ‘व्याख्या द्या’ म्हटलं की पाठ करणारा सुटला. मी चाचणीत एकदा विचारलं: सीबीएसहून (मध्यवर्ती बसस्थानकाहून) पंचवटीला रिक्षाचं मीटर जेवढे किलोमीटर दाखवतं, ते अंतर मेट्रिक आहे का? निम्म्या वर्गाने ‘हो’ लिहिलं. एका मुलीने लिहिलं, ‘नाही, कारण रस्ता एकेरी असेल तर परतीचं अंतर वेगळं पडतं, तिसरी अट मोडते.’ तिने पुढे कंसात लिहिलं होतं, सिंहस्थात तर रोजच मोडते. पाचपैकी पाच दिले. त्या मुलीला मेट्रिक स्पेस कळली. गाईडवाल्यांना व्याख्या तोंडपाठ होती.

आणि तुमचं डेटा सायन्स? ‘या ग्राहकासारखे दुसरे ग्राहक कोण’ हे यंत्र ठरवतं तेव्हा ते अंतरच मोजत असतं, आणि कोणतं अंतर घ्यायचं यावर उत्तर बदलतं. चुका कमी करत मॉडेल शिकतं ते ग्रेडियंट म्हणजे उताराची दिशा धरून खाली उतरत, म्हणजे मुलगा आत्ता एस.वाय.ला शिकतोय ते मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस. शंभर रकान्यांचा तक्ता चार-पाच रकान्यांत आणण्याची पीसीए ही पद्धत म्हणजे लिनिअर अल्जिब्रातले आयगेन व्हेक्टर. ग्रुप थिअरीसुद्धा नुसती शोभेला नाही. आरएसए ही 1977 सालची गुप्तलेखनाची पद्धत ऑयलरच्या प्रमेयावर उभी आहे, आणि ते प्रमेय ग्रुप थिअरीतल्या लॅग्रांजच्या प्रमेयातून दोन ओळीत निघतं. हे पेपर काढून एआय घातलं तर मुलाच्या हाती उरेल फक्त दुसऱ्याने लिहिलेला पायथनचा कोड चालवणं. ते गंगापूर रोडवरचा कुठलाही क्लास काही महिन्यांत शिकवतो, त्यासाठी विद्यापीठाची तीन वर्षं कशाला?

(अभ्यासक्रमात पायथन आधीच आलंय, बरं का. प्रॅक्टिकलला वही दाखवून घेण्यापलीकडे त्याचं काय होतं ते मुलाला विचारा.)

नोकरीचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. नुसत्या बी.एस्सी. गणितावर सातपूर-अंबडच्या कंपन्या दारात येऊन उभ्या राहत नाहीत. प्राध्यापकीची आशा दाखवावी तर माझंच उदाहरण समोर आहे: प्राध्यापकीची पात्रता परीक्षा सेट पास होऊनही जागा निघण्याची वाट बघत तास घ्यायचे. ही पदवी पुढच्या दाराची किल्ली आहे, घर नव्हे, असं मूळ लेखातही मी लिहिलं होतं; तुम्ही ते वाक्य ओलांडून पुढे गेलात. दारं मात्र आहेत: एम.एस्सी., एमसीए, बी.एड., संख्याशास्त्राकडे वळणं, विम्यातल्या जोखमीचा हिशेब करणाऱ्या अॅक्चुअरीच्या परीक्षा. या शेवटच्या वाटेला वर्षं लागतात आणि गाळणी कडक आहे, म्हणून मी ती सरसकट कुणाला सुचवत नाही.

आता तुमच्या मुलापुरतं. एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम ही प्रवेश परीक्षा आहे. तिच्या गणिताच्या पेपरात काय असतं बघा: रिअल अॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, आणि हो, ग्रुप थिअरी. तुम्ही काढायला सांगताय तेच. तिथे ‘व्याख्या द्या’ नसतं. पर्याय असतात, त्यातल्या काही प्रश्नांना एकाहून जास्त पर्याय बरोबर असतात, काहींना उत्तराचा आकडाच लिहायचा असतो. गाईड पाठ असणारा तिथे पहिल्या पानावर अडकतो.

चौथ्या वर्षाबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंत. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते. ऑनर्स केली तर पुढची पदव्युत्तर पदवी एका वर्षाची होण्याची सोय आहे. जॅमने बाहेर जायचं असेल तर तीन वर्षांची पदवी चालते, मग चौथ्यासाठी अडून बसायचं कारण नाही. निकाल मनासारखा लागला नाही तर चौथं वर्ष आहेच.

जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. तेव्हा टी.वाय.ची वाट न बघता या उन्हाळ्यातच त्याला जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसवा. नेटवर फुकट मिळतात. सुरुवात लिनिअर अल्जिब्राच्या प्रश्नांपासून करू दे, आणि अडेल तो प्रश्न इथेच खाली लिहायला सांगा.