उपवासकाळातलं वाचन-चॅलेंज : आधी तो तक्ता काढून टाका

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की आपल्या कॅथलिक व्हॉट्सअ‍ॅप गटांत ‘चाळीस दिवस, चाळीस वाचनं’ हे बायबल-वाचन सुरू होतं. वसईतले, मुंबईतले, आखातात नोकरीला गेलेले, सगळे एकाच गटात. पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात वर. दुसऱ्या आठवड्यात गटावर फक्त गुड मॉर्निंगची फुलं आणि ॲडमिनची केविलवाणी आठवण. यात लोकांच्या भक्तीचा दोष फारसा नाही. आखणी चुकलेली असते.

पहिली चूक म्हणजे तो तक्ता. रोज रात्री नावांची यादी येते, वाचलं त्याच्यापुढे बरोबरची खूण, नाही वाचलं त्याची जागा रिकामी. राखेच्या बुधवारी मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) कोणतं शुभवर्तमान (येशूचरित्रातला उतारा) वाचतात ते आठवा. मत्तय ६, वचनं १ ते ६ आणि १६ ते १८. दान, प्रार्थना, उपास यांतलं काहीही लोकांना दिसावं म्हणून करू नका, असं ते सांगतं. सकाळी हे ऐकून कपाळाला राख लावायची आणि रात्री गटावर ‘आजचं वाचन सर्वांत आधी पूर्ण करणारे पाच जण’ म्हणून टाळ्या वाजवायच्या, हे मला पटत नाही.

तत्त्व बाजूला ठेवलं तरी तक्ता व्यवहारातही चालत नाही. दोन दिवस चुकलेल्या माणसाला आपल्या नावापुढची भोकं दिसतात. तो आधी गट म्यूट करतो, मग सोडतो. जो सोडत नाही तो न वाचताच खूण टाकायला लागतो, आणि हे जास्त वाईट. व्हॉट्सअ‍ॅपचं मतदान घेऊनही सुटका नाही, कारण कोणी मत दिलं ते त्यातही उघड दिसतं. खुणा हव्यातच तर प्रत्येकानं कागदाची पट्टी आपल्या बायबलमध्ये ठेवावी आणि घरच्या घरी रेघा माराव्यात.

‘पण चुरस नसेल तर मजा काय?’ चुरस ठेवा की, पण ती प्रश्नांची ठेवा. रोज एक प्रश्न द्यायचा. त्याचं उत्तर एका ओळीत मावलं पाहिजे आणि त्या दिवसाचं वाचन केल्याशिवाय सापडता कामा नये. मार्क ४ : वादळात नावेच्या मागच्या बाजूला येशूच्या डोक्याखाली काय होतं? मार्क १० : बार्तिमय उठताना काय टाकून देतो? मार्क १४ : अटकेच्या गडबडीत कोण कसा पळाला? योहान १८ : कान कापला गेलेल्या नोकराचं नाव काय? (हे नाव चौघांपैकी फक्त योहान देतो, त्यामुळे इतरत्र शोधणारे बरोबर सापडतात.) ‘या अध्यायातून तुम्हाला काय बोध मिळाला?’ हा प्रश्न मात्र नको. त्यावर चार जण प्रवचन लिहितात आणि बाकीचे गप्प बसतात. प्रश्न सकाळी सहाला, उत्तर रात्री नऊला. मधल्या वेळात उत्तरं ॲडमिनला खाजगीत पाठवायची, म्हणजे विरार लोकलमध्ये वाचणाऱ्याला आणि रात्री भांडी आटोपून वाचणारीला सारखीच संधी राहते.

दुसरी चूक मापाची. उत्साहात ‘यंदा चारही शुभवर्तमानं’ असं ठरतं. मत्तय २८, मार्क १६, लूक २४, योहान २१, म्हणजे ८९ अध्याय आणि सुमारे ३,७८० वचनं. चाळीस दिवसांत बसवली तर रोज जवळजवळ ९५ वचनं. मोठ्यानं वाचली तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. हे कागदावर सोपं वाटतं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात दहावी-बारावीची परीक्षा असते, शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची भक्ती असते. शिवाय अध्याय मोजून वाटणी केली की दिवस असमान होतात. लूकचा पहिला अध्याय ८० वचनांचा, मार्कचा शेवटचा २० चा. आणि मत्तयपासून सुरुवात केली की पहिल्याच दिवशी अब्राहामापासूनची वंशावळ येते. तिथे किती जण गळतात ते कोणत्याही ॲडमिनला विचारा.

दरवर्षी कोणीतरी हौशी ‘या वेळी ख्रिस्तपुराण’ असं सुचवतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा मराठी ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापला गेला. तो वाचायला हवाच, वाद नाही. पण आकडा बघा : ९५ अवस्वर (म्हणजे अध्याय), १०,९६२ ओव्या. चाळीस दिवसांत रोज २७४ ओव्या होतात, त्याही सतराव्या शतकाच्या मराठीत, अडखळत. पाऊण तास कुठेच गेला नाही. हा ग्रंथ लोकांनी ऐकावा म्हणून लिहिलेला आहे. पावसाळ्यात, घाई न करता, आठवड्याला एक अवस्वर कोणीतरी गाऊन दाखवावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. उपवासकाळात तो कोंबू नका.

मग मापात बसतं काय? २०२७ साठी माझं उत्तर मार्क आणि योहान. मार्क १६ आणि योहान २१, मिळून ३७ अध्याय, साधारण १,५५० वचनं, म्हणजे दिवसाला एक अध्याय, सात-आठ मिनिटं. आणि हे नुसतं सोयीचं नाही. २०२७ हे चर्चमधल्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं ‘ब’ वर्ष, म्हणजे मार्कचं. त्या उपवासकाळातल्या रविवारची शुभवर्तमानं याच दोघांतली आहेत. थोडी जुळवाजुळव केली की घरातलं वाचन आणि रविवारची मिस्सा हातात हात घालून चालतात.

राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे, ईस्टर २८ मार्चला. मधले दिवस ४६, त्यांतले सहा रविवार वगळले की चाळीस. बुधवारी मत्तय ६ चा वर सांगितलेला भाग तेवढा वाचायचा. ११ तारखेपासून रोज मार्कचा एक अध्याय. १४ च्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये मार्क १ मधला अरण्यातला मोह ऐकू येतो, तो गुरुवारीच वाचून झालेला असतो. २० ला मार्क ९ येतो आणि दुसऱ्या दिवशी रविवारी रूपांतराचा तोच प्रसंग. २५ फेब्रुवारीला मार्क १३ झाला की तिथे थांबायचं. येशूच्या दुःखसहनाचे (अटक ते क्रुसावरचं मरण) १४ आणि १५ हे अध्याय राखून ठेवायचे.

२६ ला योहान १, २७ ला योहान २, आणि २८ च्या रविवारचं शुभवर्तमान योहान २ मधलं मंदिर-शुद्धीकरण. १ मार्चपासून योहान ३, ४, ५. सहावा अध्याय ७१ वचनांचा, तो ४ आणि ५ मार्च असा दोन दिवसांत वाटा. ६ ला सातवा. ७ मार्चच्या रविवारी योहान ३ मधला निकदेमसशी झालेल्या संवादाचा भाग ऐकाल. ८ ते १२ मार्च योहान ८ ते १२, आणि १४ च्या रविवारी बारावाच अध्याय, गव्हाचा दाणा. रोज मिस्साला जाणाऱ्यांना आणखी एक गंमत कळेल : चौथ्या आठवड्यापासून रोजच्या मिस्सातली शुभवर्तमानंही बहुतेक योहानचीच असतात.

१३ ला योहान १३. मग १५ ते १८ मार्च, १४ ते १७ हे अध्याय. गट गळायची दुसरी जागा ही. चारही अध्याय मिळून जेमतेम ११७ वचनं, पण घटना काहीच नाही, एका रात्रीचं बोलणं आणि प्रार्थना. मार्कच्या ‘लगेच, लगेच’ वेगाची सवय झालेल्या वाचकाला इथे रेती लागते. उपाय एकच, मोठ्यानं वाचा. घरात दोघं असतील तर एकानं येशूचं बोलणं वाचावं, दुसऱ्यानं बाकीचं.

१९ ला मार्क १४, वचन ४२ पर्यंत, २० ला उरलेला. २१ मार्चला झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा), तेव्हा हेच दुःखसहन चर्चमध्ये मोठ्यानं वाचलं जातं. २२ ला मार्क १५ घरी शांतपणे पुन्हा. २३ आणि २४ मोकळे. पवित्र गुरुवारी, २५ ला, योहान १३ ची पहिली १५ वचनं परत, कारण संध्याकाळच्या मिस्सात पाय धुण्याचा प्रसंग तोच. गुड फ्रायडेला योहान १८ आणि १९, ८२ वचनं, या काळातला सर्वांत मोठा दिवस. तो एका बैठकीत वाचा, वाटू नका. शनिवारी काहीच नाही. गटही बंद ठेवा. त्या रात्रीच्या जागरणविधीत मार्क १६ ऐकाल, ईस्टरच्या दिवशी योहान २०.

रविवारी नेमणूक नाही हे ॲडमिननं पुन्हा पुन्हा सांगावं. रविवार चाळिसांत मोजत नाहीत, म्हणून तो भरपाईला वापरा. पण नियम एक : मागे पडलेल्यानं रविवारी फक्त एकच चुकलेला अध्याय वाचायचा, बाकीचे सोडून द्यायचे. पाच दिवसांचं ओझं एकदम उचलायला गेलेला माणूस सोमवारी परत येत नाही. उशिरा येणाऱ्यानंही त्या दिवसाच्याच अध्यायापासून सुरू करावं. मार्क आणि योहान दोन्ही मध्येच पकडता येतात.

प्रतींचा घोळ आधीच सांगून ठेवा. कोणाकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल असतं, कोणाकडे बायबल सोसायटीची प्रत. आपल्या कॅथलिक बायबलात एकूण ७३ पुस्तकं आणि बायबल सोसायटीच्या नेहमीच्या प्रतीत ६६, पण हा फरक जुन्या करारात पडतो, शुभवर्तमानांत नाही. त्यामुळे ज्याची प्रत त्यानं वापरावी, गटावर फक्त अध्याय आणि वचन लिहावं. पानांचे फोटो आणि अख्ख्या पुस्तकाच्या पीडीएफ टाकू नयेत. अनुवादकाच्या कष्टांचा तेवढा मान राखू या.

तीन प्रश्न हमखास येणार, त्यांची उत्तरं तयार ठेवा. ‘माझ्या प्रतीत योहान ५ चं चौथं वचन नाही.’ तळ्याचं पाणी हलवणाऱ्या दूताचं ते वचन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून नव्या अनुवादांत गाळतात किंवा तळटीपेत देतात. ‘योहान ८ ची सुरुवात कंसात का?’ तेच कारण. ‘मार्क १६ मध्ये आठव्या वचनानंतर रेघ का?’ जुनी हस्तलिखितं तिथेच थांबतात. पुढची वचनं नंतर जोडलेली दिसतात, तरी चर्च ती पवित्र शास्त्राचा भाग मानतं. हे आधी सांगितलं नाही की रात्री अकराला ‘आपलं बायबल बदललं’ असा फॉरवर्ड फिरतो आणि पुढचे तीन दिवस त्यातच जातात.

नाताळाआधीच्या आगमनकाळाबद्दलही विचारतात. १ ते २४ डिसेंबर, लूकचे २४ अध्याय ही कल्पना छान, पण सरळ क्रमानं वाचलं तर २ तारखेला येशूचा जन्म होतो आणि नाताळच्या आदल्या दिवशी पुनरुत्थान. तिसऱ्या अध्यायापासून सुरू करा, पहिले दोन शेवटी ठेवा. १९ ते २४ डिसेंबरच्या मिस्सांत लूक १ च क्रमानं वाचला जातो, तो आपोआप जुळेल.

योहान २१ कुठे गेला असं वाटलं असेल, तर तो मुद्दाम मागे ठेवला आहे. ईस्टरनंतरच्या शुक्रवारी, २ एप्रिलला, मिस्सात तोच अध्याय असतो. त्या दिवशी गटावर शेवटचा प्रश्न टाका : जाळ्यात मोठे मासे किती आले? वसईतल्या पाचूबंदरच्या कोळी मंडळींना मात्र सांगून ठेवा, अंदाज चालणार नाही, मोजूनच सांगायचं.