स्क्वांटोला इंग्रजी कसं येत होतं?

नोव्हेंबर जवळ आला की आमच्या शाळेतल्या कपाटातून एक जुना खोका बाहेर निघतो. त्यात काळ्या पुठ्ठ्याच्या टोप्या असतात, पांढऱ्या कागदाच्या कॉलर असतात आणि रंगीत पिसं चिकटवलेल्या पट्ट्या असतात. निम्मी मुलं पिल्ग्रिम होतात, म्हणजे इंग्लंडहून इथे येऊन वसलेले लोक, आणि निम्मी ‘इंडियन’, म्हणजे इथले मूळ रहिवासी. सगळे मिळून मक्याचा ब्रेड खातात, फोटो निघतात, थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागते. बोस्टनजवळच्या या शाळेत मी तिसरीला शिकवते आणि पहिली दोन वर्षं हा खोका मीसुद्धा उघडला. तिसऱ्या वर्षापासून उघडत नाही. त्याला कारण एका आठ वर्षांच्या मुलीचा प्रश्न.

मुलं गालिच्यावर बसली होती, मी गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवत होते. 1620 मध्ये मेफ्लॉवर जहाजातून 102 प्रवासी आले, पहिल्याच हिवाळ्यात त्यातले निम्मे गेले. मग वसंत ऋतूत जंगलातून स्क्वांटो नावाचा माणूस आला, इंग्रजीत बोलला, मातीत मासे पुरून मका कसा लावायचा ते त्याने शिकवलं. एवढ्यात हिचा हात वर. “पण त्याला इंग्रजी कसं येत होतं? माझी आजी इथे दहा वर्षं राहते, तिला अजून येत नाही.”

पुस्तकात उत्तर नव्हतं. उत्तर असं आहे: त्याचं नाव टिस्क्वांटम. 1614 मध्ये थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला आणि त्याच्या गावच्या वीसेक जणांना फसवून जहाजावर नेलं आणि स्पेनमधल्या मालागाला विकायला काढलं. तिथून तो कसाबसा इंग्लंडला पोचला, इंग्रजी शिकला आणि 1619 मध्ये परत आला, तेव्हा त्याचं पटक्सेट गाव उरलं नव्हतं. 1616 ते 1619 या काळात या किनाऱ्यावर जी साथ आली, तिने गावंच्या गावं नेली. पिल्ग्रिमांची प्लिमथ वसाहत उभी राहिली ती पटक्सेटच्याच ओस पडलेल्या शेतांवर.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात एक दोरी बांधली. कार्डांवर सालं लिहून दिली आणि मुलांना ती चिमट्यांनी क्रमाने लावायला सांगितली. 1614, 1616, 1619, 1620, 1621. शेवटचा चिमटा लागल्यावर एक मुलगा दोरीपाशी बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “म्हणजे तो जंगलातून आला नाही. तो त्याच्या घरी आला.” मी त्या क्षणी काहीच बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

मुलं लहान आहेत, त्यांना गोष्टच सांगावी, पुरावे-बिरावे पुढे बघू, असं पालक सांगतात, कधी शिक्षकही सांगतात. त्यांची काळजी मला कळते. पण आठ वर्षांचं मूल घरी काय करतं ते बघा. फुलदाणी फुटली की “कोणी सांगितलं? तू तिथे होतास का? मग तुला कसं कळलं?” हे प्रश्न ते भावंडांना दिवसभर विचारतं. इतिहासकाराचेही प्रश्न हेच. आपण फक्त ते भांडणातून उचलून कागदावर आणायचे.

थँक्सगिव्हिंगची सुरुवात जिच्यापासून मानतात, त्या 1621 च्या मेजवानीचंच घ्या. ती डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने लिहिलेला वृत्तांत एकच आहे: एडवर्ड विन्स्लो याचं 11 डिसेंबर 1621 चं पत्र, पुढच्या वर्षी लंडनमध्ये छापलेलं. मेजवानीबद्दल त्यात मोजक्याच ओळी आहेत. त्या सोप्या इंग्रजीत करून मी प्रत्येकाला देते आणि सोबत 1914 सालचं एक प्रसिद्ध चित्र दाखवते. चित्रातली माणसं मोजायची, मग पत्रातली मोजायची. चित्रात पिल्ग्रिमांची गर्दी, वाम्पानोग, म्हणजे टिस्क्वांटमच्या भागातले मूळ रहिवासी, मोजकेच, तेही डोक्यावर पिसांचे मोठे मुकुट घातलेले. असले मुकुट शेकडो मैल दूरच्या मैदानी प्रदेशातल्या लोकांचे. पत्रात मात्र वाम्पानोगांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वद माणसं घेऊन आला होता आणि वसाहतीत तेव्हा जिवंत होते जेमतेम पन्नास. यजमानांपेक्षा पाहुणे जास्त! आणि पाहुणे तरी का म्हणायचं? मुलं ओळीवर बोट ठेवून विचारतात, “बोलावलं असं कुठे लिहिलंय?” कुठेच लिहिलेलं नाही. बंदुका चालवल्या असं लिहिलंय, नव्वद माणसं आली असं लिहिलंय, त्यांनी पाच हरणं मारून आणली असं लिहिलंय. ‘थँक्सगिव्हिंग’ हा शब्दही त्यात नाही. मग वर्गात तट पडतात. बंदुकांचे आवाज ऐकून आले? मार्चमध्ये एकमेकांच्या मदतीचा करार झाला होता, म्हणून आले? पुरावा दाखव, असं मुलंच एकमेकांना सांगतात.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. हल्ली काही वर्गांत जुनी गोड गोष्ट काढून तिच्या जागी तिची उलटी आवृत्ती ठेवतात. कालपर्यंत पिल्ग्रिम देवमाणसं होती, आजपासून राक्षस. अन्याय झाला, भयंकर झाला, तो लपवायचा प्रश्नच नाही. हंटने माणसं विकली हे मी मुलांना स्पष्ट सांगते. पण मुलांना तयार निष्कर्षच पाठ करायला दिला, तर तो जुना असो की नवा, शिकवण्याची रीत तीच राहते: बाई सांगतात, आपण ऐकायचं. पाच वर्षांनी कोणी तिसरीच गोष्ट जोरात सांगितली तर ही मुलं तीही तशीच गिळतील.

व्हर्जिनियात चौथीला शिकवणारी माझी मैत्रीण पोकाहोंटास या तिथल्या मूळ रहिवासी प्रमुखाच्या मुलीबद्दल हेच करते. इंग्रज कप्तान जॉन स्मिथच्या 1608 च्या वृत्तांतात तिने त्याचा जीव वाचवल्याचं अक्षरही नाही. 1624 च्या पुस्तकात तो प्रसंग आहे. दोन्ही कागद मुलांपुढे. पोकाहोंटास 1617 मध्येच वारली होती, हे कळल्यावर वर्ग गप्प होतो म्हणते. इतिहासकारांत यावर अजून वाद आहे आणि ती मुलांना तेही सांगते.

मी चौथीत असताना आम्हाला शिवछत्रपतींचं पुस्तक होतं. ते मी छातीशी धरून झोपलेली आहे, त्या प्रेमाचं ऋण आयुष्यभराचं. पण महाराजांच्या काळाबद्दल आपल्याला कळतं ते कुठून, हे शाळेत कोणी सांगितलं नाही. कॉलेजात असताना पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पहिल्यांदा जुना मोडी कागद पाहिला. कडांना कसर लागलेली, शाई तपकिरी पडलेली, एक अक्षर वाचता येईना. तरी अंगावर काटा आला, कारण हा कागद कोणीतरी हाताने लिहिला होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असली दप्तरं गोळा केली आणि बखरीपेक्षा अस्सल समकालीन कागद मोठा, हे आपल्याला बजावलं. मला ते विसाव्या वर्षी कळलं. आठव्या वर्षी कळलं असतं तर चौथीचं पुस्तक मी आणखी प्रेमाने वाचलं असतं.

आणि ज्यांचे कागद नाहीत त्यांचं काय? मुलं हे हमखास विचारतात. टिस्क्वांटमने स्वतः लिहिलेला एकही शब्द आपल्याकडे नाही. वसाहतीचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड म्हणतो, हा माणूस देवाने आमच्या भल्यासाठी पाठवला. टिस्क्वांटम काय म्हणाला असता? त्या कार्डावर आम्ही प्रश्नचिन्ह काढतो आणि कार्ड दोरीवरच ठेवतो. पण कागद कधीच नव्हते असंही नाही. पुढे वाम्पानोग लोक आपल्या भाषेत लिहायला शिकले. 1663 मध्ये त्यांच्या भाषेत अख्खं बायबल छापलं गेलं, त्यांनी स्वतः पत्रं लिहिली, जमिनीचे दस्त लिहिले. पुढे ती भाषा बोलणारं कोणी उरलं नाही. 1993 पासून जेसी लिटल डो बेर्ड यांनी याच जुन्या कागदांच्या आधाराने ती पुन्हा उभी करायला घेतली. आज आमच्यापासून काही तासांवर, मॅशपीला, माझ्या विद्यार्थ्यांएवढी मुलं ती शिकतात. हे सांगितलं की वर्गातली निम्मी मुलं दचकतात. ते लोक अजून आहेत? हो, आहेत. पिसांच्या पट्ट्यांनी एवढी वर्षं हेच तर झाकलं होतं.

जाता जाता: ‘इंडियन’ म्हटलं की वर्गातला एक मराठी मुलगा हमखास माझ्याकडे बघतो. 1492 मध्ये कोलंबसला वाटलं की आपण आशियाच्या किनाऱ्याला लागलो, तिथून हा शब्द आला, हे मी आता पहिल्याच दिवशी सांगते.

अमेरिकेतल्या मराठी आई-बाबांनो, तुमची मुलं तिसरी-चौथीत असतील तर विन्स्लोच्या त्या ओळी मी सोप्या इंग्रजीत आणि मराठीतही करून ठेवल्या आहेत. मेसेज करा, पाठवते. रात्री जेवताना टेबलावर कागद ठेवा, मुलांना वाचू द्या आणि बोलावलं असं कुठे लिहिलंय ते त्यांनाच शोधू द्या.