शॉनने झेंडा फेकला, पण पुढे?

शेन मेडोजचा 'धिस इज इंग्लंड' (2006) हा चित्रपट बराचसा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्येच चित्रित झाला. मी आता याच शहरात राहतो, त्यामुळे त्याचा शेवट जास्तच छळतो. काळ 1983 चा. बारा वर्षांच्या शॉनचे वडील फॉकलंडच्या युद्धात मारले गेलेत, शाळेत त्यावरून टिंगल होते. स्किनहेड, म्हणजे डोकं भादरलेल्या पोरांचं टोळकं त्याला आपलंसं करतं. मग तुरुंगातून सुटलेला कॉम्बो येतो आणि शॉनच्या दुःखाला परक्यांच्या द्वेषाकडे वळवतो. शेवटी शॉन कॉम्बोने दिलेला सेंट जॉर्जचा, म्हणजे इंग्लंडचा झेंडा समुद्रात फेकतो आणि थेट आपल्याकडे बघतो.

पोरगं सुटलं, असं म्हणून प्रेक्षक मोकळा होतो. मला ते पटत नाही. त्याआधी जमैकन वंशाचा मिल्की आपल्या घरच्या गोतावळ्याबद्दल भरभरून बोलत असतो. ऐकता ऐकता कॉम्बोचा चेहरा बदलत जातो आणि तो मिल्कीला बेशुद्ध होईतो मारतो. आपल्याला जे कधी मिळालं नाही ते याच्याकडे आहे, हे त्याला सोसत नाही. झेंडा बुडाला तरी शॉनच्या घरातली वडिलांची जागा रिकामीच आहे. उद्या दुसरा कॉम्बो येईल.

2024 मध्ये साउथपोर्टला झालेल्या लहान मुलींच्या हत्याकांडानंतर इथे इंग्लंडमध्ये स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या. त्यात बारा वर्षांची पोरंही कोर्टात उभी राहिली. शिक्षा झटपट झाल्या, व्हायलाच हव्या होत्या. पण 2010 नंतरच्या खर्चकपातीत बंद पडलेल्या शेकडो युथ क्लबांबद्दल बोलणारे थोडेच.

आपल्याकडे पुण्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या कल्याणीनगरच्या अपघातापासून सगळा वाद वयावर अडकलाय: सोळाव्या वर्षी मोठ्यांसारखा खटला चालवायचा की नाही? अतिगंभीर गुन्ह्यांसाठी तशी तरतूद 2015 च्या बाल न्याय कायद्यातच आहे. लोकांचा संताप मला कळतो. पण मिसरूड फुटायच्या आत ज्यांच्या गाडीत कुणी 'भाऊ' पेट्रोल टाकून देतो, फ्लेक्सवर फोटो छापतो आणि मोर्चात पुढे उभं करतो, ती पोरं या वादात कुठेच नसतात. दगडफेक झाली की गुन्हा पोरावर, भाऊ नामानिराळा. मग पोलीस भरतीचं स्वप्न चारित्र्य पडताळणीत अडकतं. 'फँड्री'त जब्याने भिरकावलेला दगड आपल्याच अंगावर आला होता, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या.

तालुक्याच्या गावी संध्याकाळी पोरांना बसायला एक जागा हवी, आणि त्यांची रोज विचारपूस करणारा एक पगारी माणूस. एवढी मागणी यंदा आपल्या नगरसेवकाकडे करा. पैसे कमी पडले तर इथून पाठवायची माझी तयारी आहे.