'एकदाच एलिव्हेशन करा, आयुष्यभर निवांत राहा' म्हणणाऱ्यांना

नवं घर बांधायला काढलं की फोनवर एक लांबलचक मेसेज हमखास येतो. पाठवणारा मेहुणा असतो, शेजारी असतो, नाहीतर खुद्द गुत्तेदार. मजकूर थोडक्यात असा: एलिव्हेशन, म्हणजे घराची दर्शनी बाजू, एकदाच करा. समोरून टाइल किंवा दगड लावा, रंगाची कटकट कायमची मिटते. क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर असं बाहेरचं आवरण, करणार असाल तर त्याच्याखालचा गिलावा एकाच हाताचा, म्हणजे एकाच थराचा, पुरे. छज्जे जुने झाले, ते काढून मोठ्या काचा बसवा. गडद रंग द्या, धूळ दिसत नाही. एसीपी (ॲल्युमिनियमची पॅनेलं) आणि लूव्हर्स (ओळीने लावलेल्या पट्ट्या) आयुष्यभर टिकतात. गच्चीवर पैसे घालू नका, ती बघतं कोण? आणि शेवटी ठळक अक्षरांत: जे अपग्रेड घ्यायचे ते आत्ताच घ्या, नंतर दुप्पट पडतील.

लातूर भागात घरांच्या कामावर देखरेख करणं हा माझा धंदा. त्यामुळे हा मेसेज माझ्याकडे वरचेवर येतो आणि त्यावरून घरमालकांशी वादही होतात. त्यातलं सगळंच खोटं नाही. पण लिहिणाऱ्याने मे महिन्यात दुपारी चार वाजता पश्चिमेच्या भिंतीला कधी हात लावलेला नाही, एवढं नक्की.

'टाइल लावली की रंगाचा खर्च कायमचा गेला'

रंगाचा खर्च जातो, हे खरं. पण कटकट जात नाही, तिचं रूप बदलतं. आजकाल बाहेरून लावतात ती बहुतेक व्हिट्रिफाइड टाइल असते. ती पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्धा टक्कासुद्धा नाही. घरात फर्शी म्हणून हा गुण झाला. भिंतीवर मात्र तोच गुण नडतो, कारण साध्या सिमेंटच्या मालाला तिच्या गुळगुळीत पाठीत शिरायला जागाच मिळत नाही. जमिनीवरची टाइल पोकळ राहिली तर फार तर टक टक वाजते. दुसऱ्या मजल्यावरची टाइल दिवसभर ऊन खाऊन फुगते, रात्री आकसते, आणि एक दिवस सुटते.

अशी पडलेली टाइल उचलून तिची पाठ बघा. मधोमध सिमेंटचा एक गोळा, चार कोपऱ्यांना चार ठिपके आणि बाकीची पाठ कोरी करकरीत. मिस्त्रीने गोळे लावून ती दाबली, वरून ठोकली, ओळंबा बरोबर आला, बिल निघालं. मागच्या पोकळीत पावसाळाभर पाणी मुरत राहिलं. टाइलच लावायची असेल तर पॉलिमर मिसळलेलं अॅडेसिव्ह घ्या, दातेरी थापीने ते भिंतीवर आणि टाइलच्या पाठीवर सगळीकडे पसरायला लावा, दोन टाइलमध्ये सांधा ठेवा आणि तो चांगल्या ग्राउटने भरून घ्या. एकाला एक खेटून लावलेली टाइल फोटोत सुंदर दिसते, पण उन्हात तिला फुगायला जागा राहत नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी परांचीवर उभं राहून नाण्याने प्रत्येक टाइल वाजवा. पोकळ बोलेल ती काढायला सांगा. गुत्तेदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

दगडाचं वजन मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. 20 मिमी जाडीचा दगड चौरस फुटाला साधारण पाच किलो भरतो. समोरच्या बाजूला 200 चौरस फूट दगड लावला की दाराच्या वर एक टन टांगला. आमच्या भागात हा हिशोब विसरून चालत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांत माणसं दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि धाब्याची जड मातीची छतं अंगावर येऊन. आरसीसीचं घर तसं नाही, मान्य. पण नुसत्या चिकटवलेल्या दगडाच्या खाली पोरं सायकल लावणार असतील, तर डोक्याच्या वर गेलेल्या प्रत्येक दगडाला स्टेनलेस स्टीलची पिन किंवा क्लॅम्प हवाच. ते परवडत नसेल तर दगड कमरेपर्यंत लावा आणि थांबा. कमरेपर्यंत तो कामाचाही आहे, पावसाचे शिंतोडे आणि गाडीची टक्कर तो झेलतो.

शहाबादी किंवा तांदूर लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हे चुनखडीचे दगड आहेत. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला बिगारी ॲसिडची बाटली घेऊन येतो, तेव्हा त्याला तिथेच अडवा. दगडावर फेस येतो तो मळाचा नसतो, दगडच विरघळत असतो. त्याची चकाकी पुन्हा येत नाही.

'मळलं की पाइपने धुऊन टाका', असंही त्याच मुद्द्यात लिहिलंय. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते लिहिणाऱ्याच्या गावापर्यंत पोहोचलेलं दिसत नाही. पाणी असलं तरी ते बोअरचं, जड. त्याने गडद टाइल धुतली की वाळल्यावर पांढरे ओघळ उमटतात.

'क्लॅडिंगखाली गिलावा एकाच हाताचा पुरे'

सगळ्या मेसेजमधला सर्वांत महागात पडणारा सल्ला हाच. बाहेरचा गिलावा दोन हातांचा असतो त्याला कारण आहे. पहिला 12 ते 15 मिमीचा हात भिंतीचे खड्डे भरतो आणि तो वाळताना पडणाऱ्या बारीक भेगा दुसरा हात झाकतो. एकाच हातात 20 मिमी थापला की तो स्वतःच्या वजनाने सरकतो आणि आडव्या भेगा देतो. कॉलम-बीम आणि वीटकाम जिथे भेटतात तिथे चिकन मेश, म्हणजे तारेची जाळी, ठोकल्याशिवाय गिलावा करू देऊ नका. सिमेंट आणि वीट वेगवेगळ्या तऱ्हेने फुगतात, आणि ती सरळसोट भेग नेमकी त्याच रेषेत येते. शिवाय गिलाव्याला किमान सात दिवस पाणी. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर सकाळी पाणी मारलं तरी दुपारी ती कोरडी ठणठणीत झालेली दिसते. अशा भिंतीवर ओलं बारदान टांगावं लागतं. पाण्याची टंचाई असेल तर बाहेरचा गिलावा पाऊस ओसरल्यावर करा, घाई कसली?

टेक्स्चरचंही तेच. टेक्स्चर म्हणजे जाड रंग. बारीक भेगा तो लपवतो, ओल अडवत नाही. उलट खडबडीत टेक्स्चरच्या प्रत्येक खाचेत आपली माती बसते, आणि पहिल्या पावसात खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांखाली ओघळांच्या मिशा उमटतात.

काळ्या मातीतल्या घरांबद्दल तर काय बोलावं! ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली तर ती गिलाव्याची नाही, खालून आली आहे. तिच्यावर टाइल लावा, दगड लावा, काहीही लावा, ती पुढच्या वर्षी टाइलमधून बाहेर येते. पाया मुरमापर्यंत नेणं, जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरून धुमस करणं, आणि घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेली तीन-चार फुटांची फर्शी करणं, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. एलिव्हेशनचा पैसा आधी इथे जायला हवा. फोटोत यातलं काहीच येत नाही, म्हणून मेसेजमध्येही नाही.

गिलावा आणि रंग म्हणजे गरिबाघरचं काम, असा एक सूर या मेसेजमध्ये आहे. तसं म्हणणाऱ्यांनी एकदा बीबी का मकबरा नीट पाहावा. 1660 च्या सुमाराला औरंगजेबाच्या घराण्याने बांधलेली इमारत. तिथेही संगमरवर आहे तो घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला, बाकी दगडी बांधकामावर बारीक चुन्याचा गिलावा आहे. तो काळवंडतो, त्याची डागडुजी करावी लागते. पण बाहेरून काहीही लावा, देखभाल कुणालाच चुकलेली नाही, मकबऱ्यालाही नाही.

'छज्जे काढा, काचा मोठ्या करा'

इथे मात्र माझा आवाज चढतो. सपाट, डब्यासारखं एलिव्हेशन ही थंड आणि ढगाळ मुलखातल्या फोटोंवरून उचललेली फॅशन आहे. तिथे ऊन घरात यावं म्हणून काचा मोठ्या ठेवतात. आपल्याकडे पारा 42-43 ला जातो आणि मेच्या मध्यावर लातूरला दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो. काचेतून आलेलं ऊन फर्शी तापवतं, ती उष्णता काचेतून बाहेर जात नाही, मग एसी लागतो, मग एसीला कमी पडतो.

छज्जा कुठे लागतो आणि कुठे पुरत नाही, हेही दिशेवर ठरतं. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा साधा छज्जा पुष्कळ झाला. डिसेंबरातही दुपारी सूर्य तिथे 48 अंशांवर असतो, म्हणून छज्ज्याची सावली दोन-सव्वादोन फूट खाली उतरते. पश्चिमेला गोष्ट वेगळी. चार-पाच वाजता सूर्य खाली झुकतो, ऊन छज्ज्याखालून थेट आत घुसतं. तिथे आडवा छज्जा तोकडा पडतो, उभ्या पट्ट्या, जाळी, पडवी नाहीतर एखादा कडुनिंब लागतो. सगळ्यांत सोपं म्हणजे पश्चिमेला जिना, बाथरूम, स्टोअर टाकावं आणि मोठी खिडकी उत्तरेला किंवा पूर्वेला काढावी. एवढं नकाशातच ठरवलं तर खर्च काहीच येत नाही.

छज्जा पावसासाठीही आहेच. त्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंचभर आत, एक बारीक खाच काढलेली असते का ते जाऊन बघा. ती नसेल तर कडेवरून आलेलं पाणी खाली न पडता छज्ज्याच्या पोटाला धरून मागे भिंतीपर्यंत येतं आणि खिडकीच्या वर काळा पट्टा पडतो. खिडकीच्या उंबऱ्याचं ग्रॅनाइटही भिंतीच्या बाहेर थोडं काढून त्याला खालून अशीच खाच मारायची असते. मिस्त्रीचं अर्ध्या तासाचं काम, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

'गडद रंगावर धूळ दिसत नाही'

दिसते. आपल्या रस्त्यावरची धूळ फिकट असते, ती काळ्या-राखाडी भिंतीवर उठून दिसते. शिवाय गडद भिंत ऊन शोषते आणि तिचा रंग लवकर उडतो. फिकट रंग द्या, गडद हवाच असेल तर पडवीच्या सावलीतली एखादी भिंत रंगवा.

'एसीपी, लूव्हर्स आयुष्यभर'

दुकानाच्या फलकाला एसीपी ठीक आहे. घराला लावताना एवढं माहीत असावं की हे दोन पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे असतात आणि साध्या प्रकारात मधे प्लास्टिक. ते पेट घेतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 मध्ये आग लागली तेव्हा ती अशाच आवरणावरून वर चढत गेली आणि 72 माणसं गेली. वीजमीटर, इन्व्हर्टर किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ हे साधं पॅनेल नकोच. लावायचंच तर आग रोखणाऱ्या गाभ्याचं मागा. सांध्यातलं सिलिकॉन काही वर्षांत कडक होतं, पाणी मागे जातं, आणि मागच्या पोकळीत आधी कबुतरं, मग गांधीलमाश्या. डब्ल्यूपीसीच्या (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या) किंवा एचपीएलच्या (दाबून केलेल्या लॅमिनेटच्या) पट्ट्या घेताना एकच विचारा: हा माल बाहेरचा आहे की आतला? आतला माल बाहेर लावून दिल्याची कामं मी पाहतो. पट्ट्या वाकतात, रंग उडतो. पॉलीकार्बोनेटच्या पत्र्याखाली गाडी लावणाऱ्यांनी 2014 ची गारपीट आठवावी.

'गच्ची कोण बघतं?'

सूर्य बघतो. मे महिन्यात डोक्यावरचं ऊन सगळ्यांत जास्त खातं ते छत, भिंती नाहीत. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, घालून त्याला नळाकडे दहा फुटांना सव्वा इंच उतार आणि वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझेक. हे जुनं काम आहे आणि अजूनही चांगलं आहे. पैसे नसतील तर दर मार्चला चुन्याची सफेदी मारा, खालच्या खोलीत रात्री फरक कळतो. कोबा झाल्यावर गच्चीत पाणी तुंबवून दोन दिवस ठेवायला लावा आणि मगच खालच्या पीओपीला हात लावू द्या. काळ्या टाइल लावलेल्या गच्च्यांवर उन्हाळ्यात कपडे वाळत घालायलाही चप्पल लागते.

'सगळे अपग्रेड आत्ताच'

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. भिंतीच्या आत आणि घराच्या खाली जाणारं सगळं आत्ताच करा: पाया, छज्जे, खिडक्यांच्या जागा, दोन हातांचा गिलावा, गच्चीचा उतार, पावसाच्या पाण्याचे पाइप आणि पुढे कधीतरी बाहेर दिवे, कॅमेरा, सोलर लावायचं म्हणून टाकलेले रिकामे पाइप. हे नंतर करायला गेलं तर दुप्पट नाही, फोडाफोडी धरून कितीतरी पट पडतं.

बाकीचं थांबू शकतं. दगडाची पट्टी, लूव्हर्स, स्टीलची रेलिंग, कोरीव गेट दोन दिवाळ्यांनंतर लावलं तरी घराचं काही बिघडत नाही, आणि तोवर ऊन कुठून येतं, पाणी कुठे साचतं हे तुम्हाला कळलेलं असतं. 'प्रीमियम' आणि 'लक्झरी' पॅकेज विकणारा गुत्तेदार नेमकं उलटं करतो: डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंची यादी देतो आणि न दिसणाऱ्या कामावर कात्री लावतो. म्हणून करारावर सही करण्याआधी त्याच्याकडून चार ओळी लिहून घ्या: बाहेरचा गिलावा किती हातांचा आणि किती जाडीचा, चिकन मेश कुठे कुठे, टाइल कशाने चिकटवणार आणि गच्चीचा उतार किती. टाइलचा ब्रँड पाचव्या ओळीत आला तरी चालेल.