वाळूतली कोजागिरी

कोलोरॅडोतल्या ग्रेट सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांच्या नॅशनल पार्कला राहायला जायचं तर अमावास्या गाठूनच जा, असं मला निदान पाच जणांनी बजावलं होतं. २०१९पासून त्या पार्कला ‘डार्क स्काय’चा, म्हणजे दिव्यांच्या उजेडाने न बिघडलेल्या काळ्याभोर आकाशाचा, अधिकृत दर्जा आहे, आकाशगंगा डोक्यावर उतरते, फोटो असे येतात वगैरे वगैरे. कॅमेरावाल्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. मी मात्र मुद्दाम पौर्णिमा धरली आणि त्यावर भांडायला तयार आहे. (कोजागिरी रविवारी होती, सोमवारी ऑफिस, म्हणून शनिवारी चतुर्दशीलाच उरकली. हसा.)

डेन्व्हरहून साधारण चार तास. आई पुण्याहून आलेली, तिला घेऊन निघालो. सॅन लुइस खोऱ्यात शिरलं की सांग्रे दे क्रिस्तोची डोंगररांग दिसते आणि तिच्या पायथ्याशी बांधकामावरच्या ढिगाऱ्यासारखी वाळू. जवळ गेल्यावर डोळे फिरतात. सर्वांत उंच टेकडी सव्वादोनशे मीटरच्या आसपास आहे, उत्तर अमेरिकेत याहून उंच वाळूच्या टेकड्या नाहीत. ‘‘ही इथेच कशी साचली गं?’’ आईने विचारलं. नैर्ऋत्येचा वारा खोऱ्यातली वाळू डोंगरापाशी आणून टाकतो, वादळात खिंडींतून उलटा वारा सुटतो आणि तीच मागे लोटतो, त्यामुळे वाळू पसरायची सोडून उंच चढत जाते. आई म्हणाली, ‘‘म्हणजे आपण कोपऱ्यात केर लोटायचा आणि कुणीतरी पंखा लावायचा.’’ पार्कच्या फलकावर एवढं सोपं लिहिलेलं नाही.

आपली बहुतेक मंडळी मे-अखेर किंवा जूनमध्ये जातात, टेकड्यांच्या पायथ्याच्या मेडानो क्रीक या ओढ्याला पाणी असतं म्हणून. मुलांना मजा, मान्य. पण पार्किंगसाठी रांग, आणि उन्हाळ्यात भर दुपारी वाळू ६५ अंशांपर्यंत तापते. ऑक्टोबरात पाणी नसतं, पात्र कोरडं, काठावरची कॉटनवुडची झाडं हळदीसारखी पिवळी. दुपारी चारला आई अनवाणी चालली. तळच २५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही साडेआठशे मीटर वर, त्यात दोन पावलं चढलं की एक घसरायचं. ती थोडं चढून बसली आणि आम्हाला म्हणाली, जा तुम्ही, मी इथूनच बघते.

परमिट काढून टेकड्यांच्या आत तंबू ठोकता येतो, पण आईसाठी पिन्यॉन फ्लॅट्सच्या कॅम्पग्राउंडवर राहिलो. तिथे अस्वलांमुळे खायचं सगळं लोखंडी पेटीत ठेवावं लागतं. शंकरपाळे, चिवडा, दुधाचा मसाला, सगळं आत. ‘‘अस्वलाला वेलचीचा वास कळतो?’’ कळत असणार.

आता चंद्राचं. डोंगर पूर्वेला, आम्ही अगदी त्याच्या कुशीत. चंद्र उगवलेला होता, पण आमच्याकडे काळोख. आधी पश्चिमेला लांब खोरं उजळलं. मग टेकड्यांचे माथे. मग तो उजेड वाळूवरून आमच्या दिशेने सरकायला लागला, डोंगराची सावली पुढे, चांदणं मागे. थंडी शून्याच्या आसपास, आईने दोन स्वेटरांवर माझं जाकीट घातलेलं. स्टोव्हवर दूध लवकरच वर आलं (या उंचीवर उकळी लवकर फुटते), तरी आई पातेल्यावर झाकण ठेवेना. ‘‘थांब, पोचू दे.’’ आम्ही तिघं पातेल्याभोवती गप्प उभे. अमावास्येला हे मिळतं का, सांगा.

पोचलं. दूध प्यायलो, त्यात वाळू कचकचली, कुणी काही बोललं नाही. मग बॅटरी न लावता वाळूवर गेलो. प्रत्येक कडेची एक बाजू चुन्यासारखी पांढरी आणि दुसरी गडद काळी, आपल्याच पावलांच्या खळग्यांतसुद्धा सावली. फोटो काढला तर करडा धब्बा आला. तो कुणालाही पाठवलेला नाही.

सकाळी आईने शंकरपाळ्यांचा डबा उघडला, एक दातांखाली धरून बघितला आणि म्हणाली, ‘‘अस्वल नाही आलं, वाळू आली.’’