स्लेजचे पैसे वैयक्तिक

काल रात्री गुलमर्गच्या सहलीचा हिशोब कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन पडला. वरच्या डोंगरावर नेलेला गाइड 'सामाईक'. हिमस्खलनाखाली गाडलं गेलो तर ठावठिकाणा कळावा म्हणून छातीशी बांधायच्या यंत्राचं भाडं, तेही 'सामाईक'. माझी स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची घसरगाडी, मात्र 'वैयक्तिक'! हिशोब अर्थात मेहुण्याचा. तो डेन्व्हरला असतो, दर हिवाळ्यात कोलोरॅडोचे डोंगर घासतो आणि भारतात आला की आम्हाला वळण लावतो.

सहल आखलीही त्यानेच. तो स्वतः तरबेज, त्याची बायको बऱ्यापैकी, मुली तर चालायच्या आधी स्की शिकलेल्या. आम्ही नवराबायको कोरे करकरीत. सासूबाई प्रेक्षक. अशा वऱ्हाडाची सहल आखायची तर सगळ्यात कच्च्या माणसापासून सुरुवात करावी, एवढं मला स्की न येता कळतं. मेहुण्याने सुरुवात केली ती गुलमर्गवरच्या अफरवट डोंगराच्या माथ्याकडून. गुलमर्गची गंमत अशी, की गोंडोल्याच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने सुमारे 3,900 मीटरवर जायचं आणि न चोपलेल्या भुसभुशीत बर्फातून खाली यायचं, यासाठी परदेशातून लोक येतात. नवशिक्यांचा उतार पार खाली, 2,650 मीटरवर, गोल्फच्या मैदानाकडे. मधल्या दर्जाच्या माणसाने काय करायचं, याचं उत्तर गुलमर्गकडे जरा तोकडंच आहे. त्यामुळे त्याने वर जायचं, आम्ही खाली राहायचं, आणि एक वाजता सगळ्यांनी पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला, एकत्र जेवायचं असं ठरलं. म्हणजे त्याने घसरत यायचं आणि आम्ही ते बूट घालून रांगेतून वर चढायचं.

बूट हा वेगळा विषय आहे. बूट आणि स्की यांना जोडणारं बाइंडिंग पडल्यावर नेमकं किती जोराने सुटावं, हे वजनावरूनही ठरवतात. म्हणून भाड्याच्या दुकानात वजन विचारतात. मी हळूच सांगितलं. बायकोने ते खणखणीत आवाजात दुरुस्त केलं. दुकानदाराने स्क्रू आणखी पिळला. मागे रांगेत नाशिकची एक सहल उभी होती, सगळे मराठी.

"दाजी, इन्स्ट्रक्टरला कशाला पैसे घालायचे? मी आहे ना!" असं मेहुणा पुण्यात असतानाच म्हणाला होता. तो होता, पण फार वेळ नाही. स्कीची टोकं जवळ, टाचा बाहेर, गुडघ्यात वाका, झालं! मग वारा वाढला तर वरचा टप्पा बंद होईल म्हणून तो गेला. बायको शहाणी. तिने गुपचूप एक इन्स्ट्रक्टर गाठला आणि ती पलीकडे शिकू लागली. मला तिने विचारलंही नाही.

माझ्या वाट्याला आला तो स्लेजवाला. उताराच्या पायथ्याशी लाकडी स्लेजवर तो आरामात बसला होता. फेरनच्या, म्हणजे घोळदार काश्मिरी अंगरख्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, त्यामुळे मधूनच गळ्यापाशी धुरासारखं काहीतरी यायचं.

"साहब, बैठोगे?"

"नहीं. सीख रहा हूँ."

"सीखो, सीखो. कोई जल्दी नहीं."

मी पडलो. एक स्की निघून थेट त्याच्यापाशी गेली. त्याने ती आणून दिली आणि अदबीने विचारलं, "अब?"

"नहीं!"

थोड्या वेळाने त्याच्याशेजारी आणखी एक स्लेजवाला येऊन बसला. दोघांचं काश्मिरीत काहीतरी चाललं होतं आणि दर वाक्याला माझ्याकडे बघणं होतं. शेवटी मी विचारलंच, की काय बोलताय.

"कुछ नहीं साहब. ये बोलता है, शाम तक बैठोगे. मैं बोला, खाने से पहले."

यावर काय बोलणार? ईर्ष्येने पुन्हा वर चढलो, आडवा, एकेक पाऊल रोवत. एवढ्यात तो उठून उभा राहिला आणि हात पसरून ओरडू लागला, "घुटना, साहब! स्की को मत देखो, मुझे देखो! मुझे!" मी त्याच्याकडे बघितलं, आणि काय सांगू, सरळ आलो. न पडता आलो. वळलोसुद्धा थोडासा. फक्त थांबणं कोणी शिकवलं नव्हतं. दोन्ही पाय स्लेजच्या दोन बाजूंना गेले आणि मी नेमका मधोमध टेकलो.

"बैठ गए," तो दुसऱ्याला म्हणाला. घड्याळात साडेबारा.

तिथून गोंडोल्यापर्यंत त्याने मला ओढत नेलं. स्कीचे पैसे वेगळे लावले, "लकड़ी का अलग." आता मला सांगा, सामाईक जेवणाला वेळेवर पोचण्यासाठी केलेला खर्च वैयक्तिक कसा? पुण्यात लग्नाच्या बसचं भाडं कोणी असं वाटतं का?

कोंगडोरीला सासूबाई आधीच राजमा-चावल घेऊन बसल्या होत्या. मेहुण्याने ऑनलाइन तिकिटं काढताना सरसकट सगळ्यांची दुसऱ्या टप्प्याची काढली होती, म्हणून त्या शाल गुंडाळून माथ्यापर्यंत जाऊन आल्या होत्या. "वर काही नाही हो," त्या मला म्हणाल्या, "नुसता बर्फ." मेहुणा आलाच नाही. त्याने फोन केला, "अजून एक रन मारतो, तुम्ही सुरू करा."

दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे वरचा टप्पा खरंच बंद राहिला आणि सगळे तज्ज्ञ आमच्या उतारावर मोकळे सुटले. मेहुणा डावीकडून सांगतोय, त्याची बायको उजवीकडून, आणि धाकटी भाची मागून, "काका, रिलॅक्स!" एवढ्या सल्ल्यांत माणूस रिलॅक्स कसा होणार? स्लेजवाल्याने बराच वेळ ऐकून घेतलं. मग तो मेहुण्यापाशी गेला आणि शांतपणे म्हणाला, "आप थोड़ा हटिए. ये मेरा आदमी है."

मेहुण्याला ते लागलं. पुढच्या वर्षीच्या स्कीसाठी तो आता उत्तराखंडातलं औली बघतोय.