अर्ध्या व्होल्टची साडेसाती

आमची जुनी गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद पडत असे, आणि मागच्या हॉर्नांचे सामुदायिक पठण सुरू झाल्यावरच पुन्हा चालू होत असे. आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, जरा वाढवले की प्रश्न सुटेल, असा सोपा विचार करून मी बॉनेट उघडले. थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या भागावर, एक छोटा स्क्रू दिसला. त्याच्या डोक्यावर कारखान्यात लावलेला रंगाचा ठिपका होता. असा ठिपका म्हणजे ‘हात लावू नये’ अशी ताकीद असते, हे मला ठाऊक नव्हते. मला वाटले, माझ्या सोयीसाठीच खूण केली आहे. मी तो दीड फेरा आत पिळला.

तो थ्रॉटल स्टॉपचा स्क्रू होता. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर हवेच्या वाटेतील गोल झडप नळीच्या भिंतीत रुतून बसू नये, म्हणून तिला केसभर अलीकडे अडवायचे, एवढेच त्याचे काम. आयडलिंग सांभाळण्याचे खाते निराळ्या एअर व्हॉल्व्हकडे असते आणि तो ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, हुकमात वागतो. झडपेच्या दांड्याला जोडलेला पोझिशन सेन्सर ईसीयूला झडपेची खबर देतो. त्याला तीन तारा असतात: एकीने ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थिंगची, आणि तिसरी झडप किती उघडली ते सांगते. आमच्या गाडीत झडप मिटलेली असताना तिसऱ्या तारेवर ०.५ व्होल्ट अपेक्षित होते. माझ्या दीड फेऱ्यानंतर ते ०.६८ झाले. परिणामी माझा पाय पेडलवरच आहे अशी ईसीयूची ठाम समजूत झाली, आणि गाडी सिग्नलला बंद पडण्याऐवजी १,५०० आरपीएमवर गुरगुरू लागली.

सेन्सरची भोके लांबट असतात, त्यामुळे दोन स्क्रू ढिले करून तो किंचित फिरवता येतो. इंजिन बंद, चावी ऑन, मल्टिमीटर मुलाच्या हातात. “बाबा, पॉइंट फाइव्ह!” तो ओरडला. मी स्क्रू आवळले. “गेलं. पॉइंट फाइव्ह सेव्हन.” आवळताना सेन्सर सरकतो हे ओळखून मी पुढच्या वेळी मुद्दाम ०.४३ वर ठेवून आवळले. तेव्हा तो तसूभरही सरकला नाही. हा खेळ तासभर चालल्यावर मला उमगले की, मुळात स्टॉपच चुकीच्या जागी असताना सेन्सर लावणे म्हणजे वाकडी पट्टी धरून सरळ रेघ मारणे होय. मग स्टॉपचा स्क्रू पुरता मागे घेतला, झडप मिटू दिली, तो हलकेच टेकवला, किंचित पुढे घेतला आणि सेन्सरची आराधना नव्याने मांडली.

अखेर ०.५० वर सारे स्थिरावले. खात्रीसाठी मी पेडल सावकाश दाबू लागलो आणि मुलगा आकडे वाचू लागला. “पॉइंट सिक्स... पॉइंट सेव्हन... झिरो... पॉइंट नाइन.” मधले शून्य त्याने इतक्या सहज वाचले की मला आधी ते ऐकूच आले नाही. सेन्सरच्या आतली पट्टी, पाय सर्वांत जास्त वेळ जिथे रेंगाळतो नेमक्या त्याच जागी, झिजून गेली होती. म्हणजे गाडी बंद पडण्याचा गुन्हेगार बहुधा हाच होता, आणि त्याला मी दिवसभर गोंजारत होतो.

नवा सेन्सर बसवला. पहिला स्क्रू आवळल्यावर मुलगा म्हणाला, “पॉइंट फाइव्ह. आता हात लावू नका.” दुसरा आवळावा की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.